पदवी बायोइन्फॉर्मॅटिक्सची, नोकरी दुसऱ्याच नावाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान शाखेच्या प्रवेशांचे दिवस आले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : बायोइन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे जीवशास्त्रातला डेटा संगणकाने उलगडण्याचा विषय, घेतला तर पुढे नोकरी मिळते का? महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ‘अमर्याद संधी’ असे उत्तर छापलेले असते, आणि पास होऊन वर्षभर घरी बसलेला मुलगा ‘या क्षेत्रात काही नाही’ असे सांगतो. या दोन्ही उत्तरांनी मुलांचे नुकसान होते. नोकऱ्या आहेत, पण त्या या नावाने फारशा निघत नाहीत आणि नुसत्या पदवीवर मिळत नाहीत. त्या कोणत्या, तिथे रोजचे काम काय असते आणि मुले कुठे अडतात, हे नेमकेपणाने सांगितले जात नाही, म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी नावांचा घोळ. नोकरीच्या संकेतस्थळावर ‘बायोइन्फॉर्मॅटिक्स’ एवढाच शब्द टाकून शोधणाऱ्याला मोजक्या जाहिराती दिसतात आणि तो खचतो. प्रत्यक्षात रोगनिदान करणाऱ्या कंपन्या ‘जीनोम अ‍ॅनालिस्ट’, ‘व्हेरिएंट सायंटिस्ट’ किंवा (डीएनए वेगाने वाचणाऱ्या यंत्रांच्या डेटासाठी) ‘एनजीएस डेटा अ‍ॅनालिस्ट’ मागतात. औषध कंपन्या ‘कम्प्युटेशनल बायोलॉजिस्ट’ आणि ‘बायोक्युरेटर’ (शोधनिबंधांतली माहिती तपासून नोंदवणारा) मागतात, तर औषध-चाचण्यांच्या बाजूला ‘स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर’ आणि ‘क्लिनिकल डेटा मॅनेजर’ अशी पदे असतात. सरकारी संशोधन संस्थांत हेच काम ‘प्रोजेक्ट असोसिएट’ किंवा ‘ज्युनियर रिसर्च फेलो’ या नावाखाली चालते, आणि पात्रतेच्या ओळीत पुष्कळदा ‘जीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवी’ एवढेच लिहिलेले असते. म्हणून शोध पदवीच्या नावाने न घेता कामाच्या आणि साधनांच्या नावाने घ्यावा : जीएटीके (डीएनएतले फरक शोधणारे साधन), नेक्स्टफ्लो (कामाच्या पायऱ्या ओळीने चालवणारे साधन), आरएनए-सेक (जनुके किती चालतात ते मोजण्याची पद्धत), सॅस (संख्याशास्त्राची संगणक-भाषा). आणखी एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवावी. खासगी कंपन्यांतल्या या नोकऱ्यांचा मोठा भाग बेंगळुरू आणि हैदराबादमध्ये आहे. स्ट्रँड लाइफ सायन्सेस आणि मेडजीनोम या दोन्ही नावाजलेल्या कंपन्यांचे भारतातले मुख्य काम बेंगळुरूतच. पहिल्या नोकरीसाठी राज्याबाहेर जायची तयारी नसेल तर पर्याय निम्म्याहून कमी होतात.

तरी महाराष्ट्र या विषयात मागे नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८६-८७ मध्ये देशभर जैवमाहितीचे जाळे उभारायला घेतले, आणि पुणे विद्यापीठातले बायोइन्फॉर्मॅटिक्स केंद्र त्याच जाळ्यात सुरू झाले. तेव्हा जगातही या विषयाची केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज पुण्यात सी-डॅक, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि राष्ट्रीय विषाणू संस्था आहेत. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. डिसेंबर २०२० मध्ये कोरोना विषाणूचे जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण आनुवंशिक मजकूर, वाचण्यासाठी ‘इन्साकॉग’ ही साखळी दहा प्रयोगशाळांनिशी सुरू झाली, त्यांपैकी दोन पुण्याच्या होत्या.

हे काम वाढले का, याचे कारण साधे आहे. मानवी जीनोमचा पहिला प्रकल्प १९९० ते २००३ असा तेरा वर्षे चालला आणि त्याला सुमारे २७० कोटी डॉलर लागले. आज एका माणसाचा जीनोम एक-दोन दिवसांत हजार डॉलरच्या आत वाचून होतो. वाचन स्वस्त झाले. वाचलेल्याचा अर्थ लावणे मात्र तेवढे स्वस्त झालेले नाही, कारण तिथे माणूस लागतो. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० व्यक्तींचे जीनोम वाचून झाले, आणि जानेवारी २०२५ पासून तो डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून संशोधकांना उपलब्ध होऊ लागला. एवढ्या डेटावर काम करायला लागणारी माणसे आपल्याच महाविद्यालयांतून यायची आहेत.

सर्वांत जास्त फ्रेशर ज्या कामात लागतात ते क्लिनिकल जीनोमिक्स थोडे उलगडून सांगतो, कारण ‘संगणकावर डीएनए बघतात’ यापलीकडे विद्यार्थ्यांना त्याची कल्पना नसते. समजा, एखाद्या बालकाला आनुवंशिक आजाराची शंका आहे. डॉक्टर रक्त पाठवतात आणि प्रयोगशाळा ‘एक्झोम’ वाचते, म्हणजे जीनोममधला प्रथिने घडवणारा दीड-दोन टक्के भाग. यंत्रातून फास्टक्यू नावाच्या फाइली निघतात. एक्झोमसाठी आकुंचित स्वरूपात साधारण ५ ते १० जीबी, पूर्ण जीनोमसाठी ६० ते १०० जीबी. यंत्र डीएनए लहान तुकड्यांत वाचते; प्रत्येक तुकड्यामागे चार ओळी असतात, आणि चौथ्या ओळीत प्रत्येक अक्षराच्या खात्रीचा आकडा असतो. ३० म्हणजे हजारात एक चूक, २० म्हणजे शंभरात एक. आधी गुणवत्ता तपासायची. मग हे तुकडे संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण जीनोमवर, बीडब्ल्यूए-मेमसारख्या प्रोग्रॅमने बसवायचे, क्रमाने लावायचे, एकाच रेणूच्या नकला खुणावून ठेवायच्या आणि जीएटीकेसारख्या साधनाने फरक शोधायचे. पूर्ण जीनोममध्ये असे ४० ते ५० लाख फरक निघतात. एक्झोमच्या प्रथिनभागात वीस-पंचवीस हजार. त्यातून आजाराला कारण ठरणारा एखादा किंवा दोन शोधायचे असतात. लोकसंख्येतले प्रमाण, आजाराची आनुवंशिक रीत, क्लिनव्हार या खुल्या संग्रहातल्या नोंदी, प्रथिनावरचा परिणाम अशा चाळण्या लावत यादी दहा-वीसवर आणायची आणि उरलेला प्रत्येक फरक एसीएमजी या अमेरिकी वैद्यकीय आनुवंशिकी संस्थेच्या २०१५ च्या नियमांनी पाच वर्गांपैकी एकात बसवायचा. ‘निश्चित रोगकारक’पासून ‘निश्चित निरुपद्रवी’पर्यंत हे वर्ग आहेत, आणि मधला ‘अर्थ अनिश्चित’ हाच सर्वांत जास्त वापरावा लागतो.

मुलाखतीत ही पायऱ्यांची यादी सगळेच म्हणून दाखवतात. निवड होते ती पुढच्या प्रश्नावर : यात बिघडते कुठे?

संदर्भ जीनोमच्या आवृत्तीपासूनच बिघडते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार मोठा आहे, त्यामुळे तेच उदाहरण घेऊ. हिमोग्लोबिनचा भाग घडवणाऱ्या एचबीबी या जनुकातले एकच अक्षर बदलते आणि ग्लुटामेट या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. हे अक्षर अकराव्या गुणसूत्रावर जुन्या जीआरसीएच-३७ आवृत्तीत ५२,४८,२३२ या स्थानी आहे, तर २०१३ च्या जीआरसीएच-३८ आवृत्तीत ५२,२७,००२ या स्थानी. रुग्णाचा डेटा एका आवृत्तीवर बसवला आणि माहितीचा तक्ता दुसऱ्या आवृत्तीचा घेतला, तर संगणक कोणतीही तक्रार न करता ‘काही सापडले नाही’ म्हणतो. हे जनुक उलट्या धाग्यावर आहे, म्हणून पुस्तकात ‘ए’चा ‘टी’ होतो असे लिहिलेला बदल फाइलमध्ये ‘टी’चा ‘ए’ असा दिसतो; नवखा तो चुकीचा समजून सोडून देतो. फरकांची यादी ठेवणारी व्हीसीएफ फाइल स्थाने एकपासून मोजते, जीनोममधले पट्टे नोंदवणारी बेड फाइल शून्यापासून, त्यामुळे हेच अक्षर बेडमध्ये ५२,२७,००१ ते ५२,२७,००२ असे लिहावे लागते. एका फाइलमध्ये गुणसूत्राचे नाव ‘११’ आणि दुसरीत ‘सीएचआर११’ असेल तरी जुळणी शून्य येते. या चार चुका ज्याने स्वतः एकदा करून दुरुस्त केल्या आहेत, तो मुलगा पहिल्या महिन्यापासून कामाला येतो.

चाळणीत काय निसटते हेही ठाऊक हवे. भारतात बीटा-थॅलेसेमियाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे याच जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधल्या (प्रथिन न घडवणाऱ्या मधल्या भागातल्या) पाचव्या अक्षराचा बदल. तो प्रथिनाच्या भागात नाही. ‘फक्त प्रथिन बदलणारे आणि इंट्रॉनच्या पहिल्या दोन अक्षरांतले फरक ठेवा’ अशी चाळणी लावली, तर आपल्या देशातला सर्वांत नेहमीचा रोगकारक बदलच गाळला जातो. तयार पाइपलाइन (ठरलेल्या पायऱ्यांची साखळी) डोळे मिटून चालवणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. ज्याला जीवशास्त्र येते त्यालाच ते खटकेल. म्हणूनच केवळ कोडिंग येणाऱ्या अभियंत्यापेक्षा या पदवीधराला जागा आहे.

नमुन्यांची अदलाबदल हा दुसरा मोठा धोका. एक्स आणि वाय गुणसूत्रांवर किती तुकडे बसले ते पाहून नमुना मुलाचा की मुलीचा हे आधी पडताळायचे. आई, वडील आणि मूल असे तिघांचे एक्झोम असतील तर मुलात नव्याने उद्भवलेले बदल एक-दोनच सापडायला हवेत. शेकडो निघाले तर नमुना बदलला आहे असे समजून तिथेच थांबायचे, अहवाल लिहायचा नाही. तिसरी अडचण खास आपली आहे. ‘हा फरक दुर्मीळ आहे का’ हे ज्या नोमॅड या जागतिक संग्रहावर तपासतात, त्यात आठ लाखांहून अधिक व्यक्ती आहेत, पण दक्षिण आशियाई वंशाच्या फार थोड्या. एखाद्या जातसमूहात पिढ्यान्पिढ्या नेहमी आढळणारा निरुपद्रवी बदल तिथे दुर्मीळ दिसतो आणि संशयित ठरतो. शिवाय आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. अशा कुटुंबांत जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेले लांब पट्टे मिळतात आणि अप्रभावी (दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणाऱ्या) आजारांचा शोध तिथूनच सुरू करावा लागतो. परदेशी पाठ्यपुस्तकातून हे येत नाही; इथल्या समाजाची माहिती असलेला विश्लेषक ते पटकन ओळखतो.

संशोधनाच्या बाजूला आरएनए-सेकचे काम भरपूर असते : आजारी आणि निरोगी पेशींत कोणती जनुके जास्त-कमी चालतात ते पाहायचे. इथे अडते ते संख्याशास्त्र. वीस हजार जनुकांवर ०.०५ ची कसोटी लावली, तर काहीही फरक नसतानाही सुमारे एक हजार जनुके निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वाची’ ठरतात. म्हणून इतक्या कसोट्या लावल्याचा हिशेब धरून दुरुस्त केलेला आकडा पाहायचा असतो, आणि का पाहायचा ते सांगता यायला हवे. या तुलनेसाठी वापरतात त्या डेसेक-२ या प्रोग्रॅमला कच्ची मोजणी लागते. आधीच सरासरीला आणलेले आकडे दिले तर उत्तर येते, पण चुकीचे. प्रत्येक गटात किमान तीन स्वतंत्र नमुने हवेत. सगळे आजारी नमुने सोमवारी आणि सगळे निरोगी गुरुवारी तयार केले असतील, तर दिसणारा फरक आजाराचा की दिवसाचा हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. असा डेटा हाती आला तर ‘यातून निष्कर्ष निघणार नाही’ असे वरिष्ठांना स्पष्ट सांगणे, हाही या कामाचाच भाग आहे.

शेतीकडे आपली मुले फारशी पाहत नाहीत, याचे वाईट वाटते. जालन्याची महिको, राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय, मांजरीचे द्राक्ष संशोधन केंद्र आणि तिथलीच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, सोलापूरचे डाळिंब संशोधन केंद्र अशा संस्था आपल्याच राज्यात आहेत, आणि पीकसुधारणेत डीएनए खुणांचा वापर आता नेहमीचा झाला आहे. पिकांचा जीनोम माणसापेक्षा सोपा असेल हा समज मात्र सोडावा. कांद्याचा जीनोम सुमारे १,६०० कोटी अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या पाचपट, आणि त्यातला बराचसा भाग पुनरावृत्तीचा. लागवडीच्या उसात शंभरावर गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक जनुकाच्या अनेक प्रती. माणसासाठी बनवलेली साधने प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती गृहीत धरतात. ती सेटिंग न बदलता उसावर चालवली तर फरकांची यादी सपशेल चुकते. ज्या विद्यार्थ्याने उसाच्या किंवा गव्हाच्या डेटावर हे एकदा हाताळले आहे, त्याला स्पर्धक फार थोडे आहेत.

आता थोडे कडवट. राज्यभर एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात एकच प्रकल्प पुन्हा पुन्हा होतो : तुळस, हळद किंवा गुळवेल यांतली दहा-वीस संयुगे घ्यायची, एखादे प्रथिन घ्यायचे, डॉकिंग करणाऱ्या, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याचा अंदाज देणाऱ्या, ऑटोडॉक व्हिना या प्रोग्रॅममध्ये टाकायचे आणि ‘उणे साडेआठ’ असा आकडा आला की औषध सापडल्याचे लिहायचे. निवड करणारे असे अर्ज बाजूला ठेवतात आणि त्यांचे बरोबर आहे. तो आकडा अंदाज आहे, मोजमाप नाही. मोठा रेणू असला की आकडा आपोआप चांगला येतो. स्फटिक रचनेत मुळात असलेला रेणू काढून पुन्हा बसवून पाहिला का, तो मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आला का, निष्क्रिय ठरलेली संयुगे तुलनेला घेतली का, हे प्रश्न विचारले की उत्तर नसते. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने वर्तवलेल्या प्रथिनरचनांचेही तेच. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल या क्षेत्राला मिळाले आणि वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचना फुकट मिळू लागल्या, हे खरे. पण त्या रचनेत प्रत्येक अमिनो आम्लामागे खात्रीचा आकडा असतो, आणि तो ५० च्या खाली असलेल्या भागात औषध बसवणे निरर्थक आहे. डॉकिंग जरूर करावे. पण वरच्या प्रश्नांची उत्तरे प्रकल्पाच्या अहवालात हवीत.

औषध-चाचण्यांच्या डेटाचे काम अनेकांना कमी प्रतीचे वाटते. तसे मानू नये. पुणे-मुंबईत राहून मिळणारी, नियमित पगाराची ही वाट आहे, आणि त्यासाठी सॅस ही भाषा व सीडिस्क या डेटाची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे दोन साचे, एसडीटीएम आणि अ‍ॅडॅम, एवढे नीट आले पाहिजे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या चाचण्यांसाठी हे साचे बंधनकारक केले, म्हणून मागणी टिकून आहे. शिकण्यासाठी सॅसची विद्यार्थी-आवृत्ती फुकट मिळते. इथे चुका तारखा आणि एककांच्या होतात. एका केंद्राने रक्तातली साखर १२६ मिलिग्रॅम (प्रति डेसीलिटर) लिहिली, दुसऱ्याने ७ मिलिमोल (प्रति लिटर). दोन्ही एकच आहेत, आणि ते न ओळखणारा प्रोग्रॅमर दुसऱ्या रुग्णाला मरणासन्न ठरवतो. एवढे मात्र विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की तीन-चार वर्षे या बाजूला गेली की जीनोमिक्सकडे परतणे अवघड होते. निवड विचारपूर्वक करावी.

संशोधनात जायचे असेल तर परीक्षांचे गणित आधी मांडावे. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये बायोइन्फॉर्मॅटिक्स हा स्वतंत्र विषय नाही. लाइफ सायन्सेसचा पूर्ण अभ्यासक्रम करावा लागतो. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर पुणे विद्यापीठ घेत असलेल्या राज्याच्या सेट परीक्षेतही बहुतेक विद्यार्थी लाइफ सायन्सेसच देतात. पदवीत पेशीशास्त्र, शरीरक्रिया, परिसंस्था वरवर झालेली असतात आणि मुले इथेच मार खातात. गेटमध्ये बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात आपला विषय येतो, आणि ज्यांचे गणित पक्के आहे त्यांनी २०२४ पासून सुरू झालेल्या डेटा सायन्स व एआयच्या पेपराचाही विचार करावा. याशिवाय जैवतंत्रज्ञान विभागाची फेलोशिप परीक्षा आहे, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्याही (आयसीएमआर) फेलोशिप असतात. जानेवारी २०२३ पासून ज्युनियर फेलोला दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर सीनियर झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. प्रकल्पातल्या जागा कंत्राटी असतात आणि निधी संपला की संपतात, हे रुजू होण्यापूर्वी घरच्यांनाही समजावून सांगावे. तरीही दोन वर्षांचा चांगला प्रकल्प आणि त्यातून आलेला एक शोधनिबंध पुढच्या वाटेसाठी मोलाचा असतो.

बी.एस्सी. करून थांबणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवे : जीनोमिक्सच्या पदांसाठी एम.एस्सी. ही व्यवहारात किमान अट आहे. पदवीनंतर लगेच कमवावेच लागणार असेल, तर डेटा मॅनेजमेंट किंवा क्युरेशनची जागा धरून बाहेरून पुढचे शिक्षण घ्यावे.

शिकायचे काय, कशावर? १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचा लॅपटॉप पुरतो. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल-२ टाकून लिनक्स चालवता येते. पहिले तीन महिने फक्त लिनक्सच्या आज्ञा, मग पायथन आणि आर, सोबत संख्याशास्त्र. पूर्ण मानवी जीनोमवर आरएनएचे तुकडे बसवणारा स्टार हा प्रोग्रॅम चालवायला ३० जीबीच्या आसपास रॅम लागते. लॅपटॉपवर तो मध्येच बंद पडतो आणि मुलांना वाटते आपलेच काही चुकले. त्याऐवजी हायसॅट-२ किंवा सामन वापरावे, किंवा एकाच लहान गुणसूत्रावर सराव करावा. गॅलॅक्सी या ऑनलाइन विश्लेषण-व्यासपीठाचा फुकटचा सर्व्हर आहेच. डिस्क भरून काम अडते ते बहुधा बसवलेल्या तुकड्यांची मधली सॅम फाइल आकुंचित न करता लिहिल्यामुळे. बसवलेले तुकडे पाइपने (एका आज्ञेचे उत्तर दुसरीला देऊन) थेट क्रम लावणाऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवावेत. जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नये. ‘सेप्ट२’, ‘मार्च१’ अशा नावांच्या एक्सेल गुपचूप तारखा करून टाकत असे; हा त्रास एवढा झाला की २०२० मध्ये नावे ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली. जुने तक्ते मात्र तसेच फिरत आहेत.

अर्जासोबत एकच पण पूर्ण प्रकल्प असावा. ‘जीनोम इन अ बॉटल’ या उपक्रमाने काही व्यक्तींच्या जीनोममधले फरक काटेकोरपणे निश्चित करून सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यांतल्या एचजी००१ या नमुन्याचा एक्झोम उतरवून घ्यावा, कच्च्या फाइलपासून फरकांपर्यंत सगळ्या पायऱ्या नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेकमध्ये लिहाव्यात, आणि निघालेली यादी त्या निश्चित यादीशी ताडून पाहावी. खरे किती सापडले, किती निसटले, किती खोटे निघाले? मग डेप्थची (एका जागेवर किती तुकडे बसले त्याची) मर्यादा १० वरून २० केली तर हे आकडे कसे हलतात? प्रत्येक साधनाची आवृत्ती नोंदवावी, कोंडा किंवा डॉकरने सॉफ्टवेअरचे वातावरण बांधून ठेवावे, गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनावर) टाकावे आणि दुसऱ्या कुणाच्या संगणकावर ते एका आज्ञेत चालते का ते करून बघावे. बहुतेकांचे चालत नाही, कारण फाइलींचे पत्ते स्वतःच्या लॅपटॉपचे लिहिलेले असतात. एका सत्रात होणारे हे काम दहा प्रमाणपत्रांपेक्षा वजनदार ठरते, कारण मुलाखत घेणारा ते उघडून पाहू शकतो.

एआयमुळे हे सगळे निरुपयोगी होईल का, असेही विचारले जाते. कोडचा पहिला मसुदा आता यंत्र लिहून देते, हे खरे आहे आणि ते वापरावे. पण तेच यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने जुन्या आवृत्तीचे स्थान नव्या आवृत्तीत टाकून देते. ते पकडायला वरचा सगळा अभ्यास लागतो, आणि रुग्णाच्या अहवालावर सही माणसाचीच असते. ज्यांचे काम नुसते दुसऱ्याने लिहिलेला कोड चालवण्याचे आहे, त्यांच्या जागा मात्र कमी होतील.

खासगी क्लासेसबद्दल सावध राहावे. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ लिहिणाऱ्यांकडून मागच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांची पदे आणि कंपन्यांची नावे लेखी मागावीत. इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याकडून पैसे घेणाऱ्या जागी जाऊ नये. तिथे मिळतो तो बहुधा सगळ्यांना सारखाच दिलेला, आधीच सोडवलेला डेटा आणि एक छापील कागद. त्यापेक्षा संशोधन संस्थांतल्या शास्त्रज्ञांना थेट ई-मेल करावे : त्यांचा एखादा अलीकडचा शोधनिबंध वाचून, त्यातली एक आकृती त्यांच्याच खुल्या डेटावरून स्वतः काढून, ती सोबत जोडून. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा असे पाच ई-मेल जास्त कामी येतात.

महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांना एक कळकळीची विनंती. नव्या शैक्षणिक धोरणाने ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प यांना क्रेडिट दिले आहेत. ती संधी डॉकिंगच्या छापील अहवालांवर वाया घालवू नये. प्रात्यक्षिक परीक्षेत ब्लास्ट या डीएनए-प्रथिनांतले साम्य शोधणाऱ्या साधनाच्या पडद्यांचे प्रिंटआउट मागण्याऐवजी मुद्दाम बिघडवलेला डेटा द्यावा : एका नमुन्याचे लिंग चुकीचे नोंदवलेले, एका फाइलची आवृत्ती जुनी, एका तक्त्यात जनुकांच्या तारखा झालेल्या. आणि तीन तासांत काय चुकले ते शोधून लिहायला सांगावे. याला महाग सर्व्हर लागत नाही. शिक्षकाची आठवडाभराची तयारी लागते. जिल्ह्याच्या रक्तपेढ्या आणि सिकलसेल केंद्रे, शेजारचे कृषी विद्यापीठ यांच्याशी करार केला तर नांदेडच्या किंवा अमरावतीच्या मुलांनाही खऱ्या डेटावर हात बसवता येईल. संमती आणि रुग्णाची ओळख झाकण्याचे नियम पाळून हे करता येते, आणि ते नियम शिकणे हेही शिक्षणच आहे.

पालकांनी प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात एकदा जाऊन यावे. इमारत आणि संगणकांची संख्या पाहण्यात वेळ घालवू नये. मागच्या वर्षीच्या शेवटच्या सत्रातल्या मुलांचे प्रकल्प दाखवायला सांगावे, आणि त्यांतला एक तिथल्याच संगणकावर चालवून दाखवता येतो का ते विचारावे.

आपला विश्वासू,
बायोइन्फॉर्मॅटिक्सचा एक अध्यापक, पुणे